निबंधाच्या पलीकडे: मुलांकडून समाजसेवा करून घेणे म्हणजे नेमके काय?

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी गेला. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहावा आणि १५ दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम करावे, अशा अटी त्या जामिनाला जोडलेल्या होत्या. बघता बघता हा निबंध देशभर चेष्टेचा विषय झाला. जनक्षोभानंतर मंडळाने आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षण गृहात पाठवले. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. जुलै २०२५ मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

या गदारोळात एक साधा मुद्दा बाजूला पडला. तो निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. गुन्हा घडला की नाही, मुलगा कोणत्या परिस्थितीत वाढला, त्याला पुन्हा वळणावर आणण्यासाठी काय करावे लागेल, याची कोणतीही चौकशी पूर्ण होण्यापूर्वी, घटनेनंतर काही तासांत ती अट घातली गेली. मुलाकडून समाजसेवा करून घेण्याची तरतूद बाल न्याय कायद्यात वेगळ्या कलमात, चौकशीच्या शेवटी येते. ती मुळात दोन मृत्यूंसारख्या प्रकरणापेक्षा किरकोळ चोरी, मारामारी, तोडफोड अशा प्रकरणांत उपयोगी पडणारी आहे. नको त्या प्रकरणात आणि नको त्या टप्प्यावर वापरल्यामुळे एका चांगल्या साधनाची नाचक्की झाली, असे म्हणणे भाग आहे. गोव्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे अल्पवयीन मुलाचे नाव न छापता बातमी येते आणि खाली प्रतिक्रियांमध्ये ‘यालाही निबंध लिहायला लावा’ असे कोणीतरी लिहून जाते. म्हणून ही तरतूद नेमकी काय आहे, हे मुळापासून पाहणे आवश्यक ठरते.

दोन कायदे, एक शब्द

समाजसेवा हा शब्द आज दोन वेगवेगळ्या कायद्यांत आढळतो आणि त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला कायदा प्रौढांसाठीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्तेची जप्ती आणि दंड यांच्या पंक्तीत सामाजिक सेवा हा शिक्षेचा सहावा प्रकार म्हणून दाखल झाला. तो मोजक्या सहा गुन्ह्यांना लागू होतो. त्यांतील सामान्य माणसाच्या परिचयाचे गुन्हे तीन: दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी आणि लहान चोरी. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामाजिक सेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. सेवा म्हणजे समाजाला उपयोगी पडणारे, विनामोबदला काम, एवढी व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ च्या स्पष्टीकरणात दिली आहे. किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, यावर दोन्ही संहिता मूग गिळून बसतात. इंग्लंडने १९७२ च्या कायद्याने ही शिक्षा आणली तेव्हा किमान ४० आणि कमाल २४० तास अशी मर्यादा कायद्यातच घातली होती.

दुसरा कायदा मुलांसाठीचा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा २०१५ साली संमत झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. घटनेच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला तो लागू होतो. या कायद्याला ‘आरोपी’, ‘अटक’, ‘शिक्षा’ हे शब्दच वर्ज्य आहेत. अशा मुलाला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणावे, असे तो सांगतो. शब्द जडजंबाल आहे खरा, पण त्यामागचा हेतू स्पष्ट आहे: मुलाच्या कपाळावर लहान वयात शिक्का बसू नये.

या कायद्याच्या कलम १८ मध्ये मंडळासमोरचे पर्याय सौम्यापासून कठोरापर्यंत एका उतरंडीसारखे मांडले आहेत. समज देऊन आणि पालकांसह समुपदेशन करून घरी पाठवणे, गटसमुपदेशनाला पाठवणे, एखाद्या संस्थेच्या वा व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा करायला लावणे, मुलाला किंवा पालकांना दंड भरायला लावणे, चांगल्या वर्तनाच्या हमीवर पालकांच्या अथवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देणे, योग्य संस्थेच्या ताब्यात देणे, आणि सरतेशेवटी विशेष गृहात ठेवणे. शेवटच्या तिन्ही पर्यायांना तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. यांच्या जोडीला शाळेत जाणे, व्यवसाय प्रशिक्षण घेणे, व्यसनमुक्तीचे उपचार घेणे, ठरावीक ठिकाणी न फिरकणे असेही आदेश देता येतात. समाजसेवेत काय काय येते, याची उदाहरणे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत दिली आहेत: बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, दिव्यांग मुलांना साहाय्य, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम. मात्र मूल १४ वर्षांहून मोठे असले पाहिजे. त्याखालच्या मुलाला काम लावणे हे बालमजुरीच्याच वाटेने जाणारे ठरले असते.

पिशवीतला मोबाइल

प्रत्यक्षात हे कसे घडते हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ. म्हापशात शुक्रवारच्या बाजारादिवशी उभ्या केलेल्या स्कूटरला अडकवलेल्या पिशवीतून १५ वर्षांच्या मुलाने मोबाइल काढला आणि लोकांनी त्याला पकडले. दोन थपडा बसल्या, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि पोलिसांना फोन गेला.

इथून पुढे कायदा जे सांगतो, ते बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा फार वेगळे आहे. साध्या चोरीला प्रौढासाठी कमाल तीन वर्षांची कैद आहे, म्हणून बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने हा किरकोळ गुन्हा ठरतो. अशा प्रकरणात, प्रौढ साथीदार नसेल तर, एफआयआर नोंदवायचाच नाही. पोलीस ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने दैनंदिन नोंदवहीत माहिती लिहावी आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करून मंडळाकडे धाडावा, असे आदर्श नियम सांगतात. मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकारही घोर गुन्ह्यांपुरताच वापरायचा आहे. त्याच्या हिताचे असेल तरच अन्य वेळी. ताब्यात घेतलेच, तर २४ तासांत मंडळासमोर हजर करणे बंधनकारक आहे. कोठडी नाही, बेडी नाही आणि त्याच्याशी व्यवहार करणारा अधिकारी शक्यतो गणवेशात नसावा. व्हिडिओ काढून पसरवणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तो मोबाइल चोरणाऱ्या मुलाला नव्हे, व्हिडिओ पसरवणाऱ्या मोठ्या माणसाला तुरुंगात नेऊ शकतो.

मंडळ तीन जणांचे असते: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, ज्यांपैकी किमान एक स्त्री. पण या साऱ्या यंत्रणेचा कणा आहे तो परिविक्षा अधिकारी. दोन आठवड्यांत त्याने सामाजिक चौकशी अहवाल द्यायचा असतो. घरी कोण आहे, मुलगा शाळेत जातो का, कधीपासून जात नाही, मित्र कोण, व्यसन आहे का, घरात मारहाण होते का, हे त्याने घरी जाऊन, शाळेत जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना न बोभाटा करता विचारायचे.

या अहवालावरच पुढचे सगळे अवलंबून असते. पिशवीतून मोबाइल काढणारे चार मुलगे बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यांतल्या एकाला मित्रांनी पैज लावून धाडलेले असते. दुसरा नववीत नापास होऊन वर्षभर घरी बसलेला असतो. तिसऱ्याच्या मागे बाजारातली मोठ्या पोरांची टोळी असते, चोरीचा माल तीच विकते आणि मुलाच्या हाती शंभर-दोनशे रुपये टेकवते. चौथ्याला अमली पदार्थांसाठी पैसे हवे असतात. पहिल्याला समज, आईवडिलांसमोर बसून झालेले बोलणे आणि मोबाइलवालीची माफी एवढे बहुधा पुरते. दुसऱ्याला आयटीआयचा रस्ता दाखवला पाहिजे. तिसऱ्याला मुळात गुन्हेगारापेक्षा शोषणाचा बळी म्हणून पाहावे लागते, कारण मुलाला गुन्ह्यासाठी वापरणारे मोठे लोक खरे आरोपी असतात. चौथ्याला व्यसनमुक्ती उपचारांविना बाग झाडायला लावणे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. चौघांनाही एकच ‘१५ दिवस समाजसेवा’ सुनावली तर एकाचेही भले होणार नाही.

कालमर्यादाही महत्त्वाची आहे. मुलगा प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपली पाहिजे. मुदत वाढवली तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यानंतरही अपुरी राहिली, तर ती आपोआप संपुष्टात येते. हा नियम पळवाट वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे. पंधराव्या वर्षी केलेल्या चोरीबद्दल अठराव्या वर्षी वृद्धाश्रमात पाठवलेल्या मुलाला त्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जाणवत नाही. तोवर तो निराळाच माणूस झालेला असतो. वेळेवर केलेली सौम्य कारवाई ही उशिरा केलेल्या कडक कारवाईपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, आणि विलंबाचा दोष मुलाचा नसतो.

हस्तक्षेपाचीही मात्रा असते

मुलाला लवकर सावरावे, हे कोणालाही पटते. मात्र लवकर म्हणजे जास्त, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल येथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. बिघडण्याची शक्यता असलेल्या मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही देण्यात आले आणि तशाच दुसऱ्या मुलांना काहीच न देता तुलनेसाठी बाजूला ठेवले गेले. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी दोन्ही गटांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्या पुरुषांची गत काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली: पुन्हा गुन्हा, मद्यपान, लवकर मृत्यू. मदत मिळालेल्यांपैकी कित्येकांना ती आवडल्याचे आठवत होते, हे विशेष. पुढील विश्लेषणात शिबिरांना एकाहून अधिक वेळा गेलेल्या मुलांमध्ये हे नुकसान एकवटलेले आढळले. वांड मुले एकत्र आणली की ती एकमेकांपासून शिकतात.

यावरून मुलांना मदतच करू नये असे ठरत नाही. पौगंडावस्थेत नियम मोडणारी बहुसंख्य मुले पुढे आपोआप सावरतात. त्यांना यंत्रणेत ओढून, सारख्या मुलांच्या गटात बसवून, शिक्का मारून ठेवले, तर सावरण्याची वाट आपणच अडवतो. म्हणून समाजसेवेसाठी पाच-सहा मुलांची टोळी करून मैदान झाडायला लावणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत वाईट पद्धत. मुलाला एकटे, साध्यासुध्या मोठ्या माणसांमध्ये काम मिळाले पाहिजे.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. तिथे बहुतेक प्रकरणे पोलिसांचे युवा पथकच समज आणि लहानसहान उपायांनी मिटवते. त्यापलीकडच्या प्रकरणांत कुटुंब परिषद बसते. मुलगा, त्याचे कुटुंब, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस एका खोलीत बसून काय करायचे ते ठरवतात: माफी, भरपाई, काम. माओरी समाजाच्या, कुटुंबाने एकत्र बसून निवाडा करण्याच्या परंपरेचा त्यावर ठसा आहे. आपल्या कायद्यात फिर्यादीला अशी जागा नाही, ही मोठी उणीव आहे. म्हापशाच्या त्या स्कूटरवालीला मोबाइल परत मिळेल, पण तो घेताना मुलाच्या मनात काय चालले होते, हे तिला कोणी सांगणार नाही आणि तिला किती त्रास झाला, हे मुलाला तिच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही.

लहान राज्याची अडचण

गोवा लहान आहे हे अशा कामाला एका अर्थी वरदान आहे. मेरशीच्या अपना घरापासून राज्याचा कोणताही कोपरा काही तासांच्या अंतरावर आहे. परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरी जाऊन संध्याकाळी परत येता येते. काम देण्याजोग्या जागाही आहेत: प्रोव्हेदोरियाचे वृद्धाश्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गावोगावची वाचनालये.

पण हेच लहानपण अडचणीचेही आहे. वाड्यावरच्या प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असते. कलम ७४ वर्तमानपत्राला नाव छापू देत नाही, पण एरव्ही कधी झाडू न घेतलेला पोर रोज सकाळी पंचायतीच्या बागेत झाडताना दिसला, की दुपारपर्यंत तिस्कावर सगळ्यांना कारण समजलेले असते. मग शाळेत टोपणनाव पडते, बहिणीला चिडवले जाते आणि पुढच्या वेळी गावात काही हरवले की पहिले बोट त्याच्याकडे वळते. कायदा जी ओळख झाकायला सांगतो, तीच समाजसेवा उघडी पाडते. यावर एक उपाय मंडळाच्या हाती आहे: सेवेची जागा मुलाच्या गावाबाहेरची निवडावी, आणि ज्या कामात अन्य स्वयंसेवकही असतात असेच काम द्यावे. वृद्धाश्रमात महाविद्यालयीन मुले येतातच. त्यांच्यात आणखी एक मुलगा वेगळा उठून दिसत नाही. प्रवासाचा बसभाड्याचा प्रश्न मात्र आदेशातच सोडवावा लागेल. नाहीतर तिसऱ्या दिवशी मुलगा गैरहजर राहील आणि आदेशभंगाचा ठपका त्याच्यावर येईल.

दुसरी अडचण घराची. जामीन देताना मंडळाने जामीनदार मागितलाच पाहिजे असे नाही. मुलाला जामीनदारासह किंवा त्याविना सोडावे, असे कलम १२ म्हणते. तरीही ज्याचे वडील बांधकामावर रोजंदारीला आहेत, ज्यांचा पत्ता भाड्याच्या खोलीचा आहे आणि ज्यांना सुनावणीला येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, अशा मुलाच्या बाबतीत घरापेक्षा निरीक्षण गृह सोयीचे वाटू लागण्याचा धोका कायम असतो. त्याची भाषा कन्नड वा हिंदी आणि अहवाल लिहिणारा कोकणी-मराठीतला असेल, तर घरातले खरे बोलणे अहवालात उतरणे कठीणच. पुण्याच्या प्रकरणाने लोकांना सर्वाधिक चीड आणली ती याच विषमतेमुळे.

गाडीचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट पालकांसाठी. गोव्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देणे हे लाड समजले जाते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९ अ नुसार, अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

एकोणिसाव्या वर्षी काय?

अठरावा वाढदिवस उलटला की बाल न्याय कायद्याचे दार बंद होते. १७ वर्षे ११ महिन्यांच्या मुलासाठी मंडळ, परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशन, तर एका महिन्याने मोठ्या त्याच्याच मित्रासाठी पोलीस कोठडी आणि न्यायालय. तरीही तरुणांसाठी एक जुना कायदा आहे आणि वकिलाला त्याची आठवण करून देण्याची वेळ पालकांवर अनेकदा येऊ शकते. १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याचे कलम ६ सांगते की, जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला कैदेत टाकण्याऐवजी समज देऊन वा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडता येईल का, हे न्यायालयाने आधी तपासावे, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि कैद द्यायचीच असेल तर कारणे लेखी नोंदवावीत.

या कायद्याचा आणि नव्या संहितेतील सामाजिक सेवेचा एक फरक तरुणांच्या भवितव्याच्या दृष्टीने कळीचा आहे. बाल न्याय कायद्याखालचा मुलगा, प्रौढ म्हणून खटला चाललेली सोळा वर्षांवरील प्रकरणे वगळता, कोणत्याही अपात्रतेला पात्र ठरत नाही. त्याची कागदपत्रे मुदतीनंतर नष्ट करायची असतात आणि निकाली निघालेल्या प्रकरणाचा उल्लेख चारित्र्य दाखल्यात करायला पोलिसांना मनाई आहे. परिविक्षा कायद्याखाली समज मिळालेल्या वा हमीवर सुटलेल्या तरुणालाही, कलम १२ नुसार, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. भारतीय न्याय संहितेखालची सामाजिक सेवा मात्र दोषसिद्धीनंतरची शिक्षाच आहे आणि तिला असे संरक्षण संहितेने दिलेले नाही. म्हणजे कॉलेजातल्या मुलाने हजार रुपयांचा माल उचलला, तो परत केला आणि न्यायालयाने त्याला महिनाभर आरोग्य केंद्रात काम करायला लावले, तरी बोटीवरच्या वा आखातातल्या नोकरीसाठी तो पोलिसांकडे दाखला मागायला जाईल तेव्हा त्याच्या नावापुढे दोषसिद्धी उभी असेल. काम सौम्य वाटले म्हणून वकिलाने घाईने कबुली देण्याचा सल्ला दिला, तर परिविक्षेचा अर्ज आधी का करू नये, असे त्याला विचारण्याचा अधिकार तरुणाला आणि त्याच्या पालकांना आहे.